दोन गैरहजेऱ्या, एक पातळ नमुना, एक पॉझिटिव्ह

हे प्रकरण अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या एका काउंटीतलं म्हणून मांडलं आहे. ड्रग कोर्टात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते रचलं आहे, त्यामुळे यातला माणूस खरा नाही आणि त्याच्या तपासण्यांचे व पगाराचे आकडे नमुन्यादाखल आहेत. नियम, औषधं आणि उत्पन्नाची मर्यादा मात्र खरी, २०२४ ची.

ड्रग कोर्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. १९८९ साली फ्लॉरिडातल्या मायामीत पहिलं असं कोर्ट सुरू झालं. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगात न पाठवता वर्ष-दीड वर्ष उपचार, लघवीच्या तपासण्या आणि न्यायाधीशासमोर वारंवार हजेरी, अशा चाकोरीत ठेवायचं. कार्यक्रम पुरा झाला तर खटला निकाली निघतो. न्यायाधीश, सरकारी वकील, सरकारी खर्चाने दिलेला बचाव वकील, प्रोबेशन ऑफिसर, उपचार केंद्राचा समुपदेशक आणि केस मॅनेजर अशी टीम सुनावणीआधी तासभर बंद दाराआड बसते. या बैठकीला सगळे 'स्टाफिंग' म्हणतात. निर्णय न्यायाधीशाचाच असतो, पण तो घडतो बहुतेक वेळा स्टाफिंगमध्ये.

केस मॅनेजरकडे अधिकार फारसा नसतो. त्याच्याकडे माहिती असते, आणि ती तारखावार लावून टेबलावर ठेवणं हेच त्याचं खरं काम. ते झालं नाही तर टीमसमोर येतो तो नुसता 'पॉझिटिव्ह' हा शब्द.

प्रवेश

सहभागी ३१ वर्षांचा, अविवाहित, आईच्या फ्लॅटमधून नुकताच सोबर हाउसमध्ये, म्हणजे व्यसनमुक्त राहू पाहणाऱ्यांच्या सामायिक घरात, राहायला आलेला. गुन्हा एक ग्रॅमपेक्षा कमी फेंटानिल (हेरॉइनसारखा कृत्रिम अमली पदार्थ) बाळगल्याचा, म्हणजे ओहायोत पाचव्या श्रेणीची फेलनी (गंभीर गुन्हा), जास्तीत जास्त शिक्षा १२ महिने. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ या पुस्तिकेतल्या व्यसनाच्या ११ निकषांपैकी ९ लागू. सहा किंवा जास्त लागू झाले की व्यसन 'तीव्र' धरतात. पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम राज्याच्या ओरास चाचणीत उच्च. जोखीम आणि गरज दोन्ही उच्च असलेल्या अशाच माणसांसाठी ड्रग कोर्ट असतं. कमी जोखमीच्या माणसाला त्यात घातलं तर त्याचं नुकसान होऊ शकतं, कारण त्याची नोकरी आणि नाती कार्यक्रमाच्या धावपळीतच मोडतात.

त्याने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने दोषसिद्धीऐवजी उपचाराचा मार्ग दिला. यशस्वी झाल्यास खटला रद्द. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी इथे जरा थांबून वाचावं. राज्याच्या कायद्याने खटला रद्द झाला तरी अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात गुन्ह्याची कबुली आणि त्यासोबत कोर्टाने घातलेलं कुठलंही बंधन मिळून 'दोषसिद्धी'च धरतात. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसाला स्वतःपुरत्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाच्या एकमेव प्रकरणाखेरीज अमली पदार्थाची दोषसिद्धी देशाबाहेर काढू शकते. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालाने हा सल्ला देणं बचाव वकिलावर बंधनकारक केलं आहे. म्हणून नागरिकत्वाचा प्रश्न केस मॅनेजरने कबुलीच्या आधी वकिलाकडे पोहोचवायचा. ड्रग कोर्टात शिरल्यावर विचारून उपयोग नाही. आपला सहभागी अमेरिकन नागरिक होता.

पहिल्याच दिवशी संमतिपत्र. व्यसनोपचाराच्या नोंदींना संघराज्याच्या ४२ सीएफआर भाग २ या नियमांचं वेगळं संरक्षण आहे. उपचार केंद्राकडून कोर्टाकडे काय जाणार, कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे त्यात लिहावं लागतं. हजेरी, तपासणीचे निकाल, औषधाची स्थिती आणि उपचाराची प्रगती एवढं पुरे. समुपदेशनात तो आईबद्दल काय बोलला, हे स्टाफिंगच्या कागदावर येता कामा नये.

तारखावार काय झालं

दिवस १ सोमवार. तिसऱ्या दिवशी क्लिनिकने ब्यूप्रेनॉर्फिन (फेंटानिलसारख्या पदार्थांच्या व्यसनावरचं औषध) सुरू केलं आणि आठवड्याच्या आत ८/२ मिलिग्रॅमच्या दोन फिल्म (जिभेखाली विरघळणाऱ्या पट्ट्या), म्हणजे रोज १६ मिलिग्रॅम, हा डोस बसला. दर मंगळवारी फार्मसीतून १४ फिल्म.

दिवस ४, ८ आणि ११ या तिन्ही तपासण्यांत फेंटानिल पॉझिटिव्ह. इथेच पहिली चूक होण्याची शक्यता होती. रोज फेंटानिल घेणाऱ्याच्या शरीरातल्या चरबीत ते साचतं आणि सावकाश बाहेर पडतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवटच्या सेवनानंतर लघवीत फेंटानिल सरासरी ७ दिवस आणि त्याचं चयापचयी रूप नॉरफेंटानिल सरासरी १३ दिवस सापडलं, काहींमध्ये २६ दिवसांपर्यंत. लॅबच्या आकड्यांत नॉरफेंटानिल प्रत्येक नमुन्यात उतरत होतं, म्हणून अकराव्या दिवशीच्या सुनावणीत त्याला नवं सेवन धरलं गेलं नाही. ते योग्यच झालं. दिवस १६, १८, २३ आणि २५ या चारही तपासण्या निगेटिव्ह.

दिवस २४, बुधवार: गोदामात माल चढवण्या-उतरवण्याची अर्धवेळ नोकरी सुरू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ६ ते दुपारी २:३०. ताशी १६ डॉलर. दुसऱ्या दिवशी कोर्टात टाळ्या झाल्या, दहा डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळालं.

लॅबची वेळ सकाळी ७ ते दुपारी १.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीही या दोन वेळा शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पहिल्या टप्प्याचा हेतू झोप, औषध, डोक्यावर छप्पर आणि तपासणीची सवय एवढाच असतो. नोकरी पुढच्या टप्प्यांतली गोष्ट. पण नोकरी लागली की सगळ्यांनाच बरं वाटतं, आणि ज्या महिन्यात माणूस सर्वांत डळमळीत असतो त्याच महिन्यात त्याच्या अंगावर पहाटे साडेचारची बस येऊन पडते.

दिवस २८ म्हणजे महिन्याची शेवटची तारीख. त्या रात्री त्याचं मेडिकेड, म्हणजे अल्प उत्पन्न गटाचा सरकारी आरोग्य विमा, बंद झालं. नूतनीकरणाचे कागद आईच्या जुन्या पत्त्यावर गेले होते आणि तिथे न उघडता पडून होते.

दिवस २९, सोमवार: पहाटे ५ ला कलर लाइनवर त्याचा रंग लागला. कलर लाइन म्हणजे रोज सकाळी फोन करून ऐकायचा रेकॉर्ड केलेला निरोप. आपला रंग पुकारला तर त्या दिवशी नमुना द्यायचा. तो शिफ्टवर होता. नमुना नाही, फोनही नाही. हस्तपुस्तिकेनुसार गैरहजेरी म्हणजे पॉझिटिव्ह.

दिवस ३०: फार्मसीने विमा बंद असल्याचं सांगून फिल्म रोखीने घ्यायला सांगितलं. त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटची फिल्म आदल्या दिवशी संपली होती. दिवस ३२ ची तपासणी फेंटानिल निगेटिव्ह. दिवस ३३ ला टर्की, म्हणजे सवयीचं औषध किंवा अमली पदार्थ थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, लागली: पाय ओढले जाणं, जुलाब, झोप नाही, नाक वाहणं. त्याही दिवशी तो शिफ्टला गेला. दिवस ३४ ला फेंटानिल घेतलं. दिवस ३६, सोमवार: पुन्हा रंग लागला, पुन्हा गैरहजर. संध्याकाळी परत सेवन. दिवस ३७ ला प्रोबेशन ऑफिसरने बोलावून नमुना घेतला: क्रिएटिनिन (लघवी किती दाट आहे हे ज्यावरून कळतं तो तिच्यातला घटक) ११ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, विशिष्ट गुरुत्व १.००२. क्रिएटिनिन २० च्या खाली आणि गुरुत्व १.००३ च्या खाली गेलं की नमुना पातळ धरतात. दिवस ३८ ला संध्याकाळी ४ वाजता पुन्हा नमुना, फेंटानिल पॉझिटिव्ह.

दिवस ३९, गुरुवार, स्टाफिंग.

टीमला जे दिसत होतं

दहा दिवसांत दोन गैरहजेऱ्या, एक पातळ नमुना, एक पॉझिटिव्ह. सरकारी वकिलांची मागणी पाच दिवस काउंटी जेलची. आणखी एक संशयही होता: लॅबच्या अहवालात ब्यूप्रेनॉर्फिन घसरलेलं दिसत होतं, म्हणजे फिल्म विकतोय. संशय निराधार नव्हता, फिल्मला रस्त्यावर गिऱ्हाईक असतं. औषध बंद करून 'स्वच्छ' राहायला सांगावं, अशीही एक सूचना आली.

शेवटची सूचना लगेच बाजूला ठेवावी लागते, आणि ती कायद्याच्या भाषेत ठेवलेली बरी. ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइन-फेंटानिलसारख्या पदार्थांच्या, व्यसनावर डॉक्टरांनी दिलेलं औषध कोर्टाने सरसकट नाकारणं हा अपंगत्वविषयक कायद्याचा भंग ठरू शकतो, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. डोस वाढवणं, कमी करणं, बदलणं हे डॉक्टर आणि रुग्ण ठरवतात.

केस मॅनेजरचं पान

आदल्या संध्याकाळी फोनवर विचारायचा प्रश्न 'का घेतलं' हा नसतो. त्याला उत्तर मिळतं ते लाजेचं किंवा बनावाचं. कामाचा प्रश्न असा: "शेवटची फिल्म कधी घेतलीत, आणि ती कुठल्या दुकानातून आणली होती?" या प्रश्नाला तारीख लागते, आणि तारखेमागून बाकीचं येतं. फार्मसीचं, विम्याचं, शनिवारच्या सेवनाचं त्याने सांगितलं. पातळ नमुन्याबद्दल आधी 'गोदामात उकडतं, पाणी पितो' म्हणाला, मग दोन लिटर पाणी मुद्दाम प्यायल्याचं कबूल केलं. हे पानावर जसंच्या तसं लिहायचं. सहभागीची बाजू मांडायची म्हणून त्याची लबाडी गाळली, तर पुढच्या वेळी त्या पानावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग लॅबचे आकडे. तिन्ही नमुन्यांतले, क्रिएटिनिनच्या दर मिलिग्रॅममागे नॅनोग्रॅममध्ये. दिवस २५: ब्यूप्रेनॉर्फिन १८०, त्याचं चयापचयी रूप नॉरब्यूप्रेनॉर्फिन ४१०. दिवस ३२: ५० आणि १५०. दिवस ३७: ६ आणि २५. क्रिएटिनिनने भागल्यामुळे पातळ नमुनाही तुलनेला चालतो. फिल्म विकणारा तपासणीत सुटण्यासाठी फिल्मचा तुकडा नमुन्याच्या कपमध्ये बुडवतो. तेव्हा मूळ औषध हजारांत जातं आणि नॉरब्यूप्रेनॉर्फिन जवळजवळ शून्य असतं, कारण ते यकृतात तयार होतं, कपमध्ये नाही. इथे दोन्ही आकडे सोबत उतरले. औषध नियमित चालू होतं, एका ठरावीक दिवशी थांबलं, आणि तो दिवस फार्मसीच्या नकाराशी जुळतो. औषध न घेता विकलं तरी आकडे असेच उतरतील, त्यामुळे एवढ्यावर संशय पुसला जात नाही. त्यासाठी फार्मसीची वितरण-नोंद हवी. ती सकाळी मागवून घेतली: शेवटचं वितरण दिवस २३, १४ फिल्म. दिवस ३० ला विमा नाकारल्याची नोंद. विकायला हातात फिल्म नव्हतीच.

पानावर तीन रकाने होते: तारीख, काय झालं, आणि कागद कुठला. खाली दोन ओळींची शिफारस. एवढंच. चार पानांचा अहवाल स्टाफिंगमध्ये कोणी वाचत नाही. वीस-पंचवीस माणसांचा विचार तासाभरात करायचा असतो.

जेल का नको

दयेचा मुद्दा इथे आणू नये, हिशेबाचा आणावा. पाच दिवसांत शुक्रवार आणि सोमवारची शिफ्ट बुडते, नोकरी जाते. मेडिकेडचा फोन करायला माणूस हाती नसतो. आणि बाहेर येताना अमली पदार्थ पेलण्याची शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांच्या २००७ च्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला. ते दीर्घ मुदतीचे कैदी होते आणि इथे पाच दिवस, म्हणून आकडा तसाच लागू होत नाही. पण औषध बंद आणि बाजारात फेंटानिल, ही जोडी तीच.

शिक्षेचा दुसरा हिशेब वागणुकीचा. ड्रग कोर्टाच्या कामात 'जवळची' आणि 'दूरची' उद्दिष्टं वेगळी धरतात. आज जे करणं माणसाच्या हातात आहे ते जवळचं: हजर राहणं, फोन करणं, खरं सांगणं. तीव्र व्यसन असलेल्याला सहाव्या आठवड्यात पूर्ण वर्ज्य राहणं हे दूरचं. जवळच्याची चूक झाली तर सँक्शन, म्हणजे ठरवून दिलेला दंड. दूरच्याची झाली तर उपचारात बदल. दोन्हींना एकच माप लावलं तर तो एवढंच शिकतो की सेवन आणि लपवणं यांची किंमत सारखी आहे, मग लपवलेलंच बरं.

निर्णय

सेवनाबद्दल सँक्शन नाही. मुद्दाम पातळ केलेल्या नमुन्याबद्दल ८ तास सामुदायिक सेवा. गैरहजेऱ्यांत पहिली माफ, दुसरी मोजली: वेळांचा मेळ बसत नाही हे पहिल्या सोमवारनंतर त्याला कळलं होतं आणि केस मॅनेजरचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. तिच्यासाठी १४ दिवस रोज संध्याकाळी ६ ला फोन. तपासणी आठवड्याला दोनऐवजी तीन, शिफ्टच्या दिवशी प्रोबेशन कार्यालयात संध्याकाळी ६ पर्यंत. न्यायाधीशांनी पाच निगेटिव्ह तपासण्यांचा उल्लेखही केला, आणि तो आधी केला. सरकारी वकील पूर्ण समाधानी नव्हते, पण फार्मसीची नोंद पाहिल्यावर जेलचा आग्रह त्यांनी सोडला.

कोर्टातून तो थेट क्लिनिकला गेला. घाई झाली तर घोटाळा होतो तो याच टप्प्यावर. फेंटानिल अंगात असताना ब्यूप्रेनॉर्फिन दिलं तर टर्की एकदम उसळते, आणि ज्याने ते एकदा भोगलं तो फिल्मला पुन्हा हात लावत नाही. म्हणून टर्की मोजण्याच्या 'काउज' पट्टीवर आकडा पुरेसा चढेपर्यंत थांबतात. फेंटानिलच्या बाबतीत अनेक क्लिनिक १३ पर्यंत वाट पाहतात. शेवटच्या सेवनाला तीन दिवस होत आले होते, आकडा १४ भरला. त्या दिवशी ८ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी १६. विमा नसतानाच्या सात दिवसांच्या फिल्म क्लिनिकच्या अनुदानातून मिळाल्या. ओव्हरडोस उलटवणाऱ्या नालोक्सोनच्या ४ मिलिग्रॅम नाकातल्या फवाऱ्याचे दोन डोस त्याच्या खिशात आणि दोन सोबर हाउसच्या स्वयंपाकघरात ठेवले. ओव्हरडोसमध्ये माणूस शुद्धीवर नसतो, त्यामुळे एकट्याच्या खिशातल्या नालोक्सोनचा त्याला स्वतःला काही उपयोग नसतो.

मेडिकेडचा फोन

नूतनीकरणाचे कागद न आल्याने विमा बंद झाला असेल तर ९० दिवसांच्या आत तेच कागद देऊन पात्रता पुन्हा तपासून घेता येते, नवा अर्ज लागत नाही. हे काउंटरवरच्या माणसालाही कधीकधी आठवत नाही आणि तो नवा अर्ज भरायला लावतो. त्यात आठवडे जातात. म्हणून फोन तिघांचा करायचा: कार्यालय, सहभागी आणि केस मॅनेजर एकाच लाइनवर. सहभागीने तोंडी संमती दिली की केस मॅनेजरला बोलता येतं. हाताशी हवं ते: केस नंबर, नवा पत्ता, गेल्या ३० दिवसांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. फोन संपण्याआधी पत्ता बदलल्याचं त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. नाहीतर पुढचा लखोटाही आईकडेच जातो.

दिवस ४७ ला विमा मागच्या तारखेपासून सुरू झाला. फिल्मवर आठवडाभर स्थिर राहिल्यावर त्याने आणि डॉक्टरांनी महिन्याच्या इंजेक्शनचा पर्याय निवडला: पहिले दोन महिने ३०० मिलिग्रॅम, पुढे १००. क्लिनिकमध्येच टोचतात, त्यामुळे मंगळवारची फार्मसी सुटली आणि विक्रीचा संशयही. कोर्टाने हे सुचवलं नव्हतं, सुचवायलाही नको.

मालकाला काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच. कोर्टाच्या लेटरहेडवरचं पत्र देऊ नये, ते एका नजरेत सगळं सांगून टाकतं. संध्याकाळची वेळ मिळाल्याने इथे कुठल्याच कागदाची गरज पडली नाही.

महाराष्ट्रात असं कोर्ट नाही, पण कायद्यात खिडक्या आहेत. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम ३९ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारासाठी सोडू देतं. त्याला बाँड आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यावा लागतो. कलम ६४ अ अशा आरोपीने स्वतःहून उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण देतं, उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत. मुक्तांगणसारख्या केंद्रांमुळे उपचाराची बाजू आपल्याकडे ओळखीची आहे. कायद्यात नाही तो मधला माणूस, जो फार्मसीची नोंद घेऊन न्यायाधीशापर्यंत जाईल.

पुढे

दिवस ६१ ला बस चुकली. या वेळी त्याने ५:४० ला फोन केला, संध्याकाळी नमुना दिला, निगेटिव्ह. दिवस ७४ ला दुसरा टप्पा.

त्याच आठवड्यात गोदामाने जादा शिफ्ट देऊ केली. त्याचं उत्पन्न आठवड्याला २४ तास, म्हणजे ३८४ डॉलर, महिन्याला सुमारे १,६६३. मेडिकेडची एकट्या माणसाची मर्यादा २०२४ साली महिना सुमारे १,७३२. आठ तासांच्या एका जादा शिफ्टचे १२८ डॉलर धरले की १,७९१. म्हणजे महिन्यातून एकच शिफ्ट वाढली तरी मर्यादा ओलांडते आणि इंजेक्शनचा खर्च अंगावर येतो. नोकरी पूर्णवेळ झाली तर कंपनीचा विमा मिळू शकतो, पण त्यासाठी ९० दिवसांपर्यंत थांबायला लावता येतं. त्याला नाही म्हणायला सांगणं केस मॅनेजरचं काम नाही. आकडे कागदावर मांडून दिले, आणि पूर्णवेळ झाल्यास खंड पडू नये म्हणून मार्केटप्लेस विम्याचा (सरकारने चालवलेल्या बाजारातून स्वतः घ्यायचा खासगी आरोग्य विमा) अर्ज कोणत्या तारखेला करायचा ते त्याच कागदावर लिहिलं. त्याने जादा शिफ्ट पुढच्या महिन्यापर्यंत टाळली आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे विमा कधी लागू होतो याची लेखी चौकशी केली. उत्तर यायचं आहे.